छत्रीची वाट पाहू नका, केबल घरापर्यंत मागा

मोबाईलवर खेळणाऱ्या पोरांना 'पिंग' बरोबर समजतो. बोट दाबल्यापासून सर्व्हरचं उत्तर येईपर्यंतचा हा वेळ. तो वाढला की स्पीड कितीही असो, गडी बाद.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम आहेत, वर्धा नाही. माझ्या मते यात हळहळण्यासारखं काही नाही.

हिशेब पाहा. जुन्या पद्धतीचे उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर. सिग्नल जाऊन उत्तर येईस्तोवर अर्धा सेकंद जातो, खेळ होतच नाही. स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवर. तिथं २५ ते ६० मिलिसेकंद, म्हणजे चालतं. फायबरमधून मात्र वर्धा-मुंबई जाऊन यायला प्रकाशाला आठेक मिलिसेकंद पुरतात. वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरला तरी फायबरच पुढे. शिवाय मुसळधार पावसात छत्री अडखळते.

फायबरचं दुखणं वेगळं. जेसीबीनं नाली खोदली की केबल तुटते, अन् तुटली की तशीच पडून राहते. २०११ साली मंजूर झालेल्या योजनेचं, म्हणजे आजच्या भारतनेटचं, मूळ उद्दिष्ट ग्रामपंचायतीपर्यंतचं होतं. पुढचा तुकडा ग्रामसभेत मागा, आणि दुरुस्ती किती दिवसांत होणार तेही लिहून घ्या.

पोरखेळ म्हणून हसू नका. (पैसे लावून खेळण्यावर २०२५ च्या कायद्यानं बंदी आहे, तो विषय वेगळा.) ई-पीक पाहणीला अर्धा सेकंद उशीर चालतो, व्हिडिओवर डॉक्टरशी बोलताना तोच नडतो.

आर्वी, कारंजाकडच्या डोंगरातल्या एखाद्या सुट्या वस्तीला केबल पोचणारच नसेल, तर तिथं छत्री जरूर बसवा.