कपड्यांतला तळणाचा वास

फराळाचे डबे भरून झाले, कढई घासून जागेवर गेली, ओटाही लख्ख पुसला. पण चार दिवसांनी ऑफिसला जाण्यासाठी कपाटातली धुतलेली साडी काढावी, तर तिला तळणाचा वास! मग गर्दीच्या बसमध्ये शेजारची बाई सहज जरी सरकली, तरी मन खट्टू होते. घर लहान असेल तर हा प्रकार दिवाळीपुरताही राहत नाही. पावसाळ्यात कढईतली भजी आणि दोरीवरचे ओले कपडे एकाच छपराखाली असतात.

हा वास मुळात तेलाचा असतो. तापलेल्या कढईतून वाफेबरोबर तेलाचे अगदी बारीक थेंब उडतात आणि कपड्यांवर बसतात. तेल पाण्यात विरघळत नाही. म्हणून नुसता खंगाळलेला कपडा स्वच्छ दिसला, तरी वास जात नाही. उलट धाग्यात राहिलेले तेल हवेने खवट होत जाते. करडई आणि जवसाची तेले रंग-वार्निशात वापरतात, कारण पातळ थरात ती हवेने सुकून चिवट होतात. कपड्यातही थोड्याफार प्रमाणात हेच घडते. तेव्हा तळणाचे कपडे ‘रविवारी बघू’ म्हणून टोपलीत टाकणे महागात पडते. सुती कपड्यापेक्षा पॉलिएस्टरचा कपडा तेल अधिक घट्ट धरतो, हेही ध्यानात ठेवावे.

यावर अत्तर शिंपडणे म्हणजे बोंबिलावर चमेली वाहणे! शेवटच्या पाण्यात घालायच्या सुगंधी कंडिशनरचाही उपयोग नाही. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि आतले तेल तसेच राहते.

तळण आटोपले की कपडे तासभर वाऱ्यावर टाकावेत. नंतर पदर, बाह्या, पोटाजवळचा भाग अशा तेलकट ठिकाणी भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब कोरड्या कपड्यावरच चोळून पंधरा मिनिटे ठेवावे. आधी कपडा भिजवला तर साबण पातळ होतो. सुती व पक्क्या रंगाच्या कपड्यांसाठी अर्धी बादली गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि नेहमीची पावडर विरघळवून त्यात कपडे अर्धा-पाऊण तास भिजवावेत. खाण्याचा सोडा यापेक्षा बराच सौम्य, त्यामुळे तेलावर त्याचा तितका प्रभाव पडत नाही. धुण्याच्या सोड्याने हात कोरडे पडतात, म्हणून हातमोजे घालावेत. पाणी जड असेल तर साबणाच्या वडीपेक्षा डिटर्जंट बरा. वडीचा साका कपड्यावर बसतो. चरबी तोडणारे एन्झाइम १९८८ पासून धुण्याच्या पावडरीत येऊ लागले. पाकिटावर तसा उल्लेख असेल तर पाणी उकळते नको, कोमटच असावे. मशीन मात्र ठासून भरू नये.

रेशीम आणि लोकरीला सोडा व एन्झाइमची पावडर दोन्ही वर्ज्य. त्यांना रिठ्याचे पाणी चालते. जरीची साडी ड्रायक्लीनिंगलाच द्यावी.

शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घातले तर उरलेला सोडा निघून जातो. पण त्याच बादलीत ब्लीच कधीही घालू नये. व्हिनेगर किंवा संडास साफ करायचे ॲसिड ब्लीचमध्ये मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. शिवाय ब्लीचने तेल निघत नाही, फक्त रंग जातो. डाग काढायला रॉकेल किंवा पेट्रोल वापरण्याची सवयही सोडावी. शेजारीच गॅस पेटलेला असतो.

इस्त्रीआधी कपडा नाकाशी धरून पाहावा. वास असेल तर पुन्हा धुवावा, कारण इस्त्रीच्या उष्णतेने राहिलेले तेल आणखी चिकटते. गरम हवेच्या ड्रायरबाबत तर विशेष जपावे. तेल नीट न निघालेली फडकी किंवा टॉवेल त्यातून गरम गरम काढून ढीग करून ठेवले, तर आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. असे कपडे दोरीवरच वाळवावेत. ओट्याची तेलकट फडकीही रोजच्या रोज सोड्याच्या पाण्यात उकळावीत, इतर कपड्यांत मिसळू नयेत.

तळताना एक्झॉस्ट पंखा आधीपासून लावावा, निजण्याच्या खोलीचे दार व कपाट बंद ठेवावे, दोरीवरचे कपडे काढून घ्यावेत. तळणासाठी एक जुना सुती गाऊन वेगळा ठेवला की चांगल्या साड्या वाचतात. तो गाऊन मात्र कपाटाच्या दाराला अडकवू नये.