माझं काय ठरलं?

शुक्रवार पेठ, सोलापूर



जिल्हा बैठकीच्या तयारीसाठी आम्ही पाच-सहा जण शुक्रवार पेठेतल्या एका खोलीत बसलो होतो. बैठकीचा विषय बाजूलाच राहिला. आमच्यातल्या एका कार्यकर्त्याच्या पत्नीच्या तपासणीचा कागद आला होता. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. बार्शीला न्यायचे की थेट मुंबईला, पैसे कोणी किती घालायचे, बैल विकायचा का, आणि मुख्य म्हणजे वहिनींना सांगायचे की नाही, यावर खल चालला होता. सांगायचे नाही, असे बहुमताने ठरले. बाई खचेल, असे सगळ्यांचे म्हणणे. 'कॅन्सर म्हणजे कॅन्सल' असे कोणीतरी हळूच बोललेही.

वहिनी बाहेर पायरीवर बसल्या होत्या. दार ढकलून आत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पेरायला कोणतं बी घ्यायचं ते मला विचारून ठरतं. माझ्या जिवाचं काय ठरलं, ते मला कोण सांगणार?"

आम्ही खाली पाहिले. मग त्यांनीच विचारायला सुरुवात केली. दुखेल किती? दिवस किती लागतील? पैसा कुठून? ज्वारीच्या काढणीला मी रानात असेन का? 'मी बरी होईन का' हा प्रश्न सगळ्यात शेवटी आला.

त्या दिवसापासून आम्ही एकाच गोष्टीचा विचार करतो आहोत. आजारी माणसाची आशा कशाने टिकते आणि कशाने मोडते? आम्हाला वाटत होते, खरे सांगितले की मोडते. आमची समजूत चुकीची होती. दाराआडच्या कुजबुजीने ती जास्त मोडते. घरातले सगळे एकाएकी गोड बोलू लागले, कोणी काही काम सांगेनासे झाले, की माणूस ओळखतो: आपला हिशोब मिटवला गेला आहे.

कोरडवाहू शेतकऱ्याला आशा म्हणजे काय हे शिकवायला नको. रब्बीची ज्वारी पेरताना आपण नुसते आभाळाकडे पाहत नाही. मातीत हात घालून ओल पाहतो. हस्ताचे पाणी जिरले असेल, ओल खोलवर असेल, तर पुढे पावसाचा थेंब नसला तरी थंडीवर ज्वारी निसवते. ओल नसताना "होईल सगळं चांगलं" म्हणून कोणी बी टाकत नाही. आजाऱ्याचेही तसेच आहे. "धीर धरा" म्हणणे म्हणजे कोरड्या मातीत बी टाकणे. आधी ओल पाहिजे.

ही ओल कशाची? पहिली, खऱ्या माहितीची. आणि ती फार लांब नाही, आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय आहे. तिथे १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसे गावोगाव गेली, लोकांशी बोलली, कोणती लक्षणे अंगावर काढू नयेत ते सांगितले. नुसत्या बोलण्याने गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या बाया आधीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या, आणि लवकर आलेल्या जास्त जगल्या.

पुढे १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांचा मोठा अभ्यास झाला. गावांचे चार गट पाडले. एका गटात या कॅन्सरला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केली आणि दोष सापडला तिथे उपचार केले. आठ वर्षांचा हिशोब २००९ साली छापून आला. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ बायांमागे या कॅन्सरने ६४ जणी गेल्या. विषाणूची तपासणी झालेल्या गटात ३४,१२६ बायांमागे ३४. एका तपासणीने मरण जवळपास निम्म्यावर आले. हे ज्ञान सगळ्या जगाने घेतले. ज्या गटाला तपासणी दिली नाही, त्यांच्यावर अन्याय झाला का, हा प्रश्नही पुढे उठला आणि तो रास्त आहे. पण म्हणूनच आम्ही म्हणतो, आपल्या बायांच्या जिवावर मिळालेले हे ज्ञान आपल्याच गावात पोचत नसेल, तर ते कोणाच्या कामाचे?

दुसरी ओल पैशाची. पूर्वी कॅन्सर निघाला की आधी बैल जायचे, मग रान. २०१२ साली राज्याची जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत सोलापूर होता. तीच पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. २०२३ साली कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचा निर्णय झाला. पण उपचार फुकट झाला म्हणून आजार फुकट होत नाही. किरणांच्या उपचाराला पाच-सहा आठवडे लागतात. तितके दिवस सोबतीच्या माणसाची मजुरी बुडते. एसटीचे भाडे, खाणे, राहणे, मागे जनावरांचा चारा हे कोणत्या योजनेत बसते? वेचणीच्या दिवसांत बाई अंगावरचे जाणे लपवते, ते अडाणी म्हणून नव्हे. आपण एक दिवस नसलो तर कापूस बोंडातच राहील, हे तिला पक्के ठाऊक असते म्हणून. दवाखान्यात "इतके दिवस काय करत होता?" असे विचारणाऱ्याने हा हिशोब आधी मांडून पाहावा.

तिसरी ओल वेदना थांबण्याची. तीव्र दुखण्यावर मॉर्फिन हे जुने, स्वस्त औषध आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याने त्याभोवती इतके परवाने उभे केले की खेड्यातल्या रोग्याला ते मिळेना. २०१४ साली कायदा सुधारून वाट मोकळी केली. पण कायदा दिल्लीत सुधारला म्हणून गोळी तालुक्याला पोचली असे होत नाही. रात्रभर कण्हणाऱ्या माणसाला आशेचे प्रवचन देऊ नये. आधी त्याला झोप मिळवून द्यावी.

काही आजार बरे होत नाहीत, हेही खरे. तिथेही आशा संपत नाही, तिचा आकार बदलतो. आधी बरे व्हायचे असते. मग लेकीचे लग्न पाहायचे असते. मग न दुखता जावे, आपल्या घरी, आपल्या माणसांत जावे, इतकेच असते. एवढी आशाही पुरी करणे आपल्या हातात असते.

आणि एक इशारा. आशा विकणारेही फिरत असतात. शंभर टक्के उगवणीची हमी देणारा बियाणेवाला आपण ओळखतो. शंभर टक्के गुण देणारा वैदू त्याच्याच जातकुळीचा. "इतक्यांपैकी इतके बरे होतात, तुमचे असे आहे" असे सांगणारा डॉक्टर कडू वाटेल, पण उगवणशक्ती तपासून बी देणारा तोच आहे.

तेव्हा येत्या बैठकीत आम्ही चार गोष्टी मांडणार आहोत. तालुक्याच्या दवाखान्यात तिशी ओलांडलेल्या बायांची तपासणी, तीही सुगी सोडून. दर गावात दोन माणसे अशी, ज्यांना योजनेचे कागद आणि बार्शीची वाट ठाऊक आहे. आजाऱ्याच्या घरची पेरणी-काढणी पाळीपाळीने, इर्जिकीने. आणि उपचार करून आलेल्यांनी गावात उभे राहून बोलायचे. कारण दहा पत्रकांपेक्षा शेजारच्या गल्लीतली बरी होऊन आलेली एक बाई जास्त काम करते.

पाचवी गोष्ट ठरावाची नाही, घरची आहे. ज्याचा आजार, त्याला आधी सांगा. त्याला विचारून ठरवा.

वहिनींचे किरण पुरे झाले. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. पूर्ण बऱ्या झाल्या असे आम्ही लिहिणार नाही, ते काही वर्षांनी कळेल. यंदाच्या काढणीला त्या रानात होत्या. फार वाकवत नव्हते, म्हणून बांधावर बसून पेंढ्या मोजत होत्या, आणि आमच्यातल्या एकाची मोजणी चुकली ती त्यांनीच पकडली.