मिरजेत आपण किती, आणि कोण? जनगणनेआधी करायचा हिशेब

देशाची जनगणना तब्बल सोळा वर्षांनी होत आहे. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे लांबली आणि लांबतच गेली. शेवटी १६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली. आधी घरांची यादी आणि नंतर फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी, असे दोन टप्पे ठरले. संदर्भ तारीख १ मार्च २०२७. ही पहिली डिजिटल जनगणना आहे आणि स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच सगळ्यांच्या जातीचीही नोंद होणार आहे. मोबाईल घेऊन एक कर्मचारी दारात येईल, वीस मिनिटं प्रश्न विचारेल आणि जाईल. पण त्या वीस मिनिटांत लिहिलेलं पुढची दहा-पंधरा वर्षं आपल्या मोहल्ल्याचं चित्र म्हणून वापरलं जाईल. म्हणून सातारा-सांगलीच्या आपल्या कुटुंबांपुढे हा विषय आताच मांडतो आहोत. उदाहरण म्हणून मिरज घेऊ.

मिरज हे शहर कागदावर कुठे आहे, हा प्रश्न विचित्र वाटेल. पण फेब्रुवारी १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. तेव्हापासून जनगणनेच्या तक्त्यात मिरज शहर म्हणून वेगळी ओळ नाही. २००१ मध्ये तिन्ही मिळून सुमारे ४ लाख ३६ हजार लोक होते. २०११ मध्ये ५ लाख २ हजार ७९३ झाले. क्षेत्रफळ सुमारे ११८ चौरस किलोमीटर. वॉर्डवार आकडे मिळतात, पण ते लोकसंख्या, साक्षरता, अनुसूचित जाती-जमाती, कामगार एवढ्यापुरतेच. धर्माचा तक्ता शहरापर्यंत येऊन थांबतो आणि इथे शहर म्हणजे तिन्ही एकत्र. म्हणजे 'मिरजेत मुसलमान किती' हे चहाच्या गाड्यावर प्रत्येकजण छातीठोक सांगतो, पण छापील आकडा कुणाकडेच नाही. आणि छापील आकडा नसला की अफवेला रान मोकळं मिळतं. कुणी वाढवून भीती घालतं, कुणी कमी करून हक्क नाकारतं.

भूगोलाकडे बघू. सांगली कृष्णेच्या काठावर. जवळच हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, त्यामुळे पूर आला की सांगलीच्या सखल भागात पाणी शिरतं. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर लोकांच्या लक्षात आहेत. मिरज गावठाण त्या मानाने उंचावर. मधला पट्टा म्हणजे विश्रामबाग, वानलेसवाडी. हा पट्टा भरत गेला तशी दोन्ही शहरं एकमेकांना चिकटली. उत्तरेला कुपवाडची औद्योगिक वसाहत. एका टोकाला जिल्ह्याचं मुख्यालय आणि बाजारपेठ, दुसऱ्या टोकाला रेल्वे आणि दवाखाने. मिरज जंक्शनातून पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर-कुर्डुवाडी अशा चार दिशांना गाड्या जातात. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळी लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती इथूनच.

या रस्त्यांनी आणि रुळांनीच माणसं आणली. डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथे दवाखाना सुरू केला. कर्नाटकातून आणि सगळ्या दक्षिण महाराष्ट्रातून रुग्ण येऊ लागले. त्यातून ख्रिस्ती वस्ती वाढली, परिचारिका आल्या, औषधांची दुकानं आली. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. रेल्वेने कामगार आणले. कर्नाटकची सीमा जवळ असल्याने कन्नड बोलणारी घरं आहेत. जैन आहेत, लिंगायत आहेत, बौद्ध आहेत. आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याभोवती पिढ्यान्पिढ्या राहणारा मुस्लीम समाज आहे. दर्ग्याच्या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला मान आहे, हे सगळी मिरज जाणते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, त्यांची कबरही इथेच. त्यांच्या नावाने उरुसात अजून मैफिली होतात.

तंतुवाद्यांचंही तेच. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा, चिलखत बनवणारा समाज. संस्थानी काळात हत्यारांचं काम कमी झालं तेव्हा यातल्या कारागिरांनी सतार-तंबोरे बनवायला घेतले. भोपळा पंढरपूरच्या बाजूने येतो, लाकूड लांबून येतं, हात मिरजेचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता विचार करा, हा कारागीर जनगणनेत कुठल्या रकान्यात बसतो? धर्म मुस्लीम, धंदा वाद्यनिर्मिती, घरात दखनी, दुकानात मराठी, गिऱ्हाइकाशी हिंदी. आणि जात? इथेच खरा घोळ आहे.

हा घोळ समजायला अमेरिकेतलं एक छोटं गाव उपयोगी पडतं. मिशिगन राज्यात हॅमट्रॅमक नावाचं शहर आहे. जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचं आणि जवळजवळ चारही बाजूंनी डेट्रॉईटने वेढलेलं. १९१० च्या सुमाराला तिथे डॉज मोटारींचा कारखाना आला आणि पोलंडमधून कामगार आले. कारखाना १९८० मध्ये बंद झाला. नंतर येमेनी, बांगलादेशी, बोस्नियन कुटुंबं आली. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २८ हजार ४३३. नोव्हेंबर २०२१ च्या निवडणुकीत महापौर आणि सगळे नगरसेवक मुस्लीम निवडून आले. जगभर बातमी झाली. पण तिथे मुसलमान नेमके किती, हे अमेरिकेची जनगणना सांगत नाही. ती धर्म विचारतच नाही. ती वंश विचारते. आणि २०२० च्या अर्जात अरबांसाठी वेगळा रकाना नव्हता, त्यांनी 'गोरे' या रकान्यात खूण करायची होती. म्हणजे येमेनहून आलेला कामगार सरकारी कागदावर पोलिश शेजाऱ्याच्याच रकान्यात. अरब-अमेरिकन लोकांनी अनेक वर्षं मागणी लावून धरली आणि मार्च २०२४ मध्ये मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका असा वेगळा गट मान्य झाला.

आपल्याकडे उलटं आहे. धर्म विचारला जातो, पण धर्माच्या आतलं काहीच मोजलं जात नाही. कागदावर सगळे एकच 'मुस्लीम'. प्रत्यक्षात मिरजेत, सांगलीत, कराडमध्ये बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, शिकलगार, पिंजारी-नदाफ, मुजावर अशी किती तरी घरं आहेत. यातल्या अनेक जाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. मुलाला प्रवेश, शिष्यवृत्ती, महापालिकेत राखीव जागा, हे सगळं त्या नोंदीवर चालतं.

नोंद नीट नसली की काय होतं ते २०२२ मध्ये दिसलं. स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने आकडे मागितले. राज्याने नेमलेल्या बांठिया आयोगाने मतदारयाद्यांतली आडनावं बघून अंदाज बांधला आणि राज्यात ओबीसी ३७ टक्के असल्याचं सांगितलं. आडनावावरून जात कशी कळणार, अशी टीका तेव्हा सर्व बाजूंनी झाली. आपल्यासाठी तर ही पद्धत आणखीच अवघड. बागवान, शिकलगार ही आडनावं धंदा सांगतात, ठीक. पण शेख, पठाण, सय्यद, मुल्ला, जमादार? एकाच 'शेख' आडनावाखाली चार बिरादऱ्या असतात. आपल्या भागात पाटील आणि देसाई आडनावाची मुस्लीम घरं आहेत. यादी चाळणाऱ्याने त्यांना कशात धरलं असेल, सांगा.

म्हणून जातीची थेट नोंद होणं हे चांगलंच आहे. पण त्यातही एक खड्डा आहे आणि देश त्यात एकदा पडलेला आहे. जातींची शेवटची पूर्ण मोजणी १९३१ ची. तेव्हा ४ हजार १४७ जाती निघाल्या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जात पुन्हा विचारली गेली तेव्हा ४६ लाखांहून जास्त नावं जमा झाली. कुणी आडनाव लिहिलं, कुणी कूळ, कुणी पोटजात, कुणी वेगळ्या ऱ्हस्व-दीर्घाने. शेवटी केंद्राने ते आकडे निरुपयोगी ठरवून बाजूला ठेवले. आता समजा, मिरजेत एकाच बिरादरीतल्या एका घराने 'पिंजारी' सांगितलं, दुसऱ्याने 'नदाफ', तिसऱ्याने 'मन्सुरी' आणि चौथ्याने नुसतं 'मुसलमान'. गणतीत ही चार वेगळी टोळकी होतील आणि एकाचंही वजन पडणार नाही.

भाषेचंही असंच. २०११ मध्ये महाराष्ट्रात मुस्लीम लोकसंख्या १ कोटी ३० लाखांच्या जवळ होती आणि उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे राज्यातल्या मोठ्या संख्येने मुसलमानांनी मराठी, हिंदी, कोकणी किंवा दुसरी भाषा सांगितली. जनगणनेची व्याख्या साधी आहे: लहानपणी आईने ज्या भाषेत बोललं ती मातृभाषा. शिवाय येत असलेल्या आणखी दोन भाषा लिहिता येतात. एकाच घरात सासू-सुनेची मातृभाषा वेगळी असू शकते, दोन्ही नोंदवता येतात. उर्दू शाळेच्या तुकडीचा प्रश्न असो की मराठी मुसलमान म्हणून आपली ओळख, जे खरं तेच सांगावं. कुणाच्या दडपणाने नाही, कुणाला दाखवायला नाही. आईने मराठीत अंगाई म्हटली असेल तर मराठी सांगायला संकोच कसला? आणि घरात दखनी-उर्दू असेल तर ती लपवायची कशाला?

शेजारचे समाज काय करतात तेही बघा. सांगली जिल्ह्यात जैन सुमारे तीन टक्के. धर्माच्या रकान्यात स्पष्ट 'जैन' लिहा, असं सांगणाऱ्या मोहिमा त्या समाजात होतात. २०१७ मध्ये सांगलीत लिंगायत समाजाचा प्रचंड मोर्चा निघाला, मागणी वेगळ्या धर्माच्या नोंदीची. आपल्या मोहल्ल्यांत मात्र जनगणना म्हटली की पहिला प्रश्न येतो, 'कागदं मागतील का?'

ही भीती खोटी म्हणून उडवून लावता येणार नाही. २०१९-२० मध्ये जे वातावरण झालं ते घराघरांत बसलेलं आहे. मिरजेने सप्टेंबर २००९ ची दंगल पाहिली, सातारा जिल्ह्याने सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळी पाहिली. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असावं. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार वैयक्तिक माहिती गोपनीय आहे, ती कुणाला तपासायला मिळत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. जनगणनेत कागदपत्रं दाखवावी लागत नाहीत, तोंडी सांगितलेलं लिहिलं जातं. उत्तर देणं मात्र कायद्याने बंधनकारक आहे. दार बंद करून बसलो तर वाचणार काही नाही, फक्त आपण कमी मोजले जाऊ.

सातारा जिल्ह्यात हा मुद्दा आणखी नाजूक आहे. एकेकाळी हा एकच जिल्हा होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. २०११ मध्ये सांगली जिल्ह्यात मुस्लीम सुमारे साडेआठ टक्के, साताऱ्यात सुमारे पाच. खटाव-माणच्या एखाद्या गावात आपली पाच-दहा घरं असतात. एवढ्या कमी संख्येत दोन घरं सुटली तरी फरक पडतो. गावातली कुटुंबं कराड, मलकापूर, सातारा, मिरजेकडे सरकत आहेत का, किती आणि कशासाठी, हे नुसत्या बोलण्यातून कळत नाही. जन्मठिकाण आणि स्थलांतराचं कारण जनगणनेत विचारलं जातं. खरं उत्तर दिलं तरच हे चित्र दिसेल.

तेव्हा आताच काही गोष्टी करून ठेवूया. प्रत्येक जमातीने बसून जातीचं एकच नाव आणि एकच लिखाण ठरवावं, शक्यतो जातीच्या दाखल्यावर किंवा राज्याच्या यादीत आहे तेच. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, शिक्षण एका कागदावर लिहून ठेवावं, नव्या बाळाचं आणि अंथरुणावरच्या आजीचंही. घरात बसून शिवणकाम, बिडी, पापड करणाऱ्या बाईचं काम 'काही नाही' म्हणून सांगू नये, ते काम आहे. पुण्या-मुंबईला राहणारा मुलगा तिथे मोजला जाईल, त्याला आठवण करावी. स्वतः ऑनलाईन भरायची सोय आहे, शिकलेल्या पोरा-पोरींनी शेजारच्या चार घरांना मदत करावी. कुणी ओटीपी किंवा बँकेचा नंबर मागितला तर तो जनगणनेचा माणूस नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवावं. आणि जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीतून पाच मिनिटं यावर बोलायला हरकत नाही.

मिरजेचा स्वतंत्र आकडा मिळावा यासाठीही मागणी करता येईल. महापालिकेने वॉर्डवार माहिती मराठीत, तिन्ही शहरांसाठी वेगवेगळी मांडावी, एवढं नव्या नगरसेवकांकडे मागणं जास्त नाही, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत. पाणी, दवाखाना, शाळा हे प्रश्न धर्म बघून येत नाहीत, त्यामुळे ही मागणी ख्रिस्ती, जैन, बौद्ध, हिंदू शेजाऱ्यांना सोबत घेऊनच करावी.

हॅमट्रॅमकच्या येमेनी लोकांना स्वतःचा रकाना मिळायला अनेक वर्षं लागली. आपल्याला तो रकाना या वेळी दारात येऊन मिळतो आहे. तो रिकामा किंवा चुकीचा राहिला तर नंतर दोष कुणाला देणार?