‘मी येतो’ म्हणणारी लेक

आपल्या भागात ओळखीचा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मराठी घरात ‘जेवण झालं काय?’ आणि शेजारच्या कन्नड घरात ‘ऊटा आतेन्री?’ विचारणाऱ्याला आपल्या जेवणाचा हिशेब नको असतो. ‘तुमच्याकडे माझं लक्ष आहे’ एवढेच त्याला सांगायचे असते. निघतानाही तसेच. मराठी माणूस उंबऱ्यावर ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. कन्नड माणूस ‘होगि बर्तीनि’ म्हणतो, म्हणजे ‘जाऊन येतो’. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा, पण निरोप घेण्याची रीत एक. शब्दकोश उघडून बसलात तर यातले काहीच हाती लागणार नाही. कोण कोणाशी बोलतो आहे आणि स्वतःला कोण समजून बोलतो आहे, यावर बोलण्याचा अर्थ ठरतो.

स्वतःला कोण समजून, हा मुद्दा महत्त्वाचा. आपल्याकडच्या एखाद्या गृहिणीचा दिवस आठवून पाहा. सकाळी ती सासऱ्यांशी ‘अहो’ने बोलते, धाकट्या दिराशी ‘अरे’ने, भाजीवाल्या मावशींशी कन्नडमध्ये, मुलाच्या शाळेत मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि रात्री माहेरी फोन लावला की पुन्हा लहान मुलीसारखी. बाई एकच, पण प्रत्येक ठिकाणी तिचा ‘मी’ थोडा बदलतो. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये एका गाजलेल्या लेखात हे मांडले. काही समाजांत माणूस स्वतःकडे सुटा, स्वतंत्र म्हणून पाहतो, तर काही समाजांत नात्यांच्या जाळ्यातला एक धागा म्हणून पाहतो. आपण बहुतेक दुसऱ्या प्रकारातले. म्हणून तर अनोळखी माणसालाही आपण आधी नाते चिकटवतो, मग बोलायला सुरुवात करतो. आणि गंमत अशी, की ज्या अण्णा, अक्का, अप्पा या हाकांनी आपण घर भरतो, त्या मराठीला कन्नडच्या शेजारानेच दिल्या आहेत.

हा ‘मी’ दुखावला गेला तर काय होते, ते मी एका विद्यार्थिनीच्या बाबतीत जवळून पाहिले. मुलगी हुशार. वक्तृत्व स्पर्धेत नेहमी पुढे. पदवीनंतर पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली. वसतिगृहात पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारले, ‘कधी आलीस?’ ती म्हणाली, ‘आत्ताच आलो.’ खोलीतल्या मुली हसल्या. ‘तू मुलगा आहेस काय?’ हसण्यात दुष्टपणा नसेलही, पण तो रोजचा खेळ झाला. ती ‘येतो’, ‘करतो’, ‘सांगितलो’ म्हणाली की कोणीतरी तिची नक्कल करायचे. तिने मग मराठी बोलणेच बंद केले. वर्गात इंग्रजी, मैत्रिणींत हिंदी. दिवाळीला घरी आली तेव्हा आजीशीही जपून, शब्द तोलून बोलू लागली. तिची आजी मला म्हणाली, ‘सर, पुण्याला जाऊन आमची पोर मुकी झाली बघा.’

आता यातले शास्त्र पाहू. कन्नडमध्ये ‘मी’सोबत येणाऱ्या क्रियापदाला लिंग नसते. ‘बर्तीनि’ नवराही म्हणतो आणि बायकोही. इंग्रजीतही ‘आय कम’ला लिंग नाही. सीमाभागात आणि कोल्हापूरकडे बायका ‘मी येतो’ म्हणतात, त्यामागे कन्नडचा हा शेजार असावा असे मानले जाते. ‘मी काम केलो’, ‘तो सांगितला’ या रचनाही याच वळणाच्या. म्हणजे ती मुलगी चुकत नव्हती, तिच्या आजी-पणजीने वापरलेल्या नियमाने बोलत होती. प्रमाण मराठी तिला यायलाच हवी, परीक्षेत आणि मुलाखतीत ती लागते. पण ती शिकवताना घरची बोली हसण्यावारी नेली, तर ऐकणाऱ्याला व्याकरणाची दुरुस्ती ऐकू येत नाही. ‘तुझी माणसं अडाणी’ असे ऐकू येते.

उलट दिशेचा गोंधळही आपल्या मुलांना सोसावा लागतो. आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणणे उद्धटपणाचे समजतात. मराठी माणूस ‘बघू’ म्हणतो, कन्नड माणूस ‘नोडोण’ म्हणतो आणि दोघांचाही अर्थ बहुधा ‘नाही’ असतो. लग्नाच्या बोलणीत वरपक्षाने ‘कळवतो’ म्हटले की मुलीचा बाप काय ते समजून घेतो. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात अशा संस्कृतींचे वर्णन केले आहे. तिथे बरेचसे सांगणे शब्दांबाहेर, प्रसंगात आणि नात्यात असते. दुसरीकडे, सगळे शब्दांतच सांगावे अशी अपेक्षा ठेवणाऱ्याही संस्कृती आहेत. बेंगळुरूच्या कंपनीत लागलेला आपला मुलगा परदेशी साहेबाला फोनवर ‘बघतो, प्रयत्न करतो’ म्हणतो तेव्हा साहेब होकार समजतो. काम झाले नाही की मुलगा खोटारडा ठरतो. तो खोटे बोललेला नसतो, साहेबाचा मान राखायला गेलेला असतो. अशा मुलांना मी एवढेच सांगतो, की तिथे ‘शुक्रवारपर्यंत होणार नाही, सोमवारी देतो’ असे स्पष्ट बोलावे. त्याने साहेबाचा मान कमी होत नाही. घरी मात्र आत्याला ‘येणार नाही’ असे तोडून सांगू नये. तिथे ‘बघू’च बरे.

या सगळ्याचा मोठा धडा आपल्या जवळच मिळतो. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तो जगभर भाषाशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. त्या गावात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणारे लोक पिढ्यान् पिढ्या शेजारी राहत होते. एकमेकांशी रोज बोलून त्यांच्या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. तरीही कोणी आपली घरची भाषा सोडली नाही. बाजारात चालणारी भाषा वेगळी, देवघरातली वेगळी. शेजाऱ्याशी जुळवून घेताना स्वतःला पुसून टाकावे लागत नाही, हे त्या गावाने कोणतीही परिषद न भरवता दाखवून दिले.

बेळगावच्या प्रश्नावर सभा, मोर्चे, खटले झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासूनचा तो इतिहास आहे आणि त्यातले दुःख खरे आहे. माझ्या वर्गात मात्र एकाच बाकावर मराठी आणि कन्नड बोलणारी मुले बसतात आणि डबा वाटून खातात. त्यांच्या बोलण्यात मी एक गोष्ट नेहमी ऐकत असतो. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. हिंदीच्या ‘हम’ला किंवा इंग्रजीच्या ‘वुई’ला हा फरक दाखवता येत नाही. हा भेद द्रविड भाषांच्या सहवासातून मराठीत आला असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे शेजाऱ्याला आत घेण्याचा शब्दसुद्धा शेजारामुळेच मिळाला म्हणायचा.

वाचकहो, या आठवड्यात एवढे करून पाहा. घरात, दुकानात, मंडळाच्या बैठकीत आपण ‘आम्ही’ किती वेळा म्हणतो आणि ‘आपण’ किती वेळा, ते मोजा. आणि घरातली लेक ‘मी येतो’ म्हणून उंबरा ओलांडू लागली तर तिला टोकू नका. ‘ये ग, सांभाळून’ म्हणा.