जोडा की युक्तिवाद?

जून १९०९ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. अपराध कोणता? तर काही स्वातंत्र्यपर कविता छापून प्रसिद्ध केल्याचा. शब्दांची किंमत किती जबर असू शकते, हे या नगरीला तेव्हापासून ठाऊक आहे.

त्याच बाबारावांच्या धाकट्या बंधूंना, भगूरच्या सुपुत्राला, १७ नोव्हेंबर २०२२ रोजी राहुल गांधी यांनी अकोला जिल्ह्यात पत्राची प्रत दाखवून इंग्रजांचा सेवक ठरविले. आधार काय, तर पत्राखालील ‘आज्ञाधारक सेवक’ हे शब्द! त्या काळच्या सरकारी पत्रव्यवहारात अशी अखेर रूढ होती. गांधीजीही व्हाइसरॉयना लिहिताना स्वतःस सेवक म्हणवीत, याची आठवण २५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला करून द्यावी लागली. लखनौच्या खटल्यातील समन्सला स्थगिती देतानाच, पुन्हा अशी विधाने केल्यास स्वतःहून दखल घेऊ, अशी तंबीही न्यायालयाने दिली.

अशा वक्तव्याने सावरकरभक्तांचे रक्त तापणे स्वाभाविकच. परंतु तापलेल्या रक्ताने केले काय? ठिकठिकाणी प्रतिमांना जोडे मारले गेले. २३ मार्च २०२३ रोजी तर विधानभवनाच्या आवारात सत्ताधारी आमदारांनीच तो प्रकार केला. विरोधकांनी कारवाईची मागणी केली आणि चर्चा सावरकरांवरून सरकून जोड्यांवर गेली. ज्याला उत्तर द्यायचे होते त्याची सहज सुटका झाली. सावरकरांची विटंबना हा अविचार आणि प्रतिमेची विटंबना हे शौर्य, ही मांडणी कोणत्या तर्कात बसते?

मग अशा तोंडांना कुलूप घालणारा कठोर कायदाच करा, असेही काही जण म्हणतात. त्यांनी १९५० आठवावे. ‘ऑर्गनायझर’ साप्ताहिकाने मजकूर छापण्यापूर्वी तपासून घ्यावा, असा हुकूम दिल्लीच्या प्रशासनाने काढला होता. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. वर्षभरातच नेहरू सरकारने पहिली घटनादुरुस्ती आणून कलम १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्थेसारखे निर्बंध घातले. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी संसदेत तिला कडाडून विरोध केला. लेखणीवरील बंधन प्रथम कोणाच्या मानेवर येते, हे संघविचाराच्या माणसाला निराळे सांगायला नको.

बदनामीसाठी कायदा आहेच. नाशिकच्या न्यायालयात सावरकरांच्या बदनामीची तक्रार दाखल झाली आणि २०२४ मध्ये राहुल गांधींना समन्स निघाले. हा मार्ग संथ आहे, कंटाळवाणाही आहे. पण तेथे बोललेला प्रत्येक शब्द पुराव्यावर तोलावा लागतो.

पुरावा मात्र हाताशी हवा. १९१७ च्या अर्जात सावरकरांनी सर्व राजबंद्यांच्या मुक्ततेची मागणी केली होती. आपले नाव वगळून इतर सुटत असतील तरी आपणांस समाधान आहे, असेही त्यात नमूद होते. जोडा उचलणाऱ्या किती हातांनी तो अर्ज एकदा तरी उघडून वाचला असेल?