टूथब्रश झिंदाबाद!

मंडळी, थर्ड इयरच्या मिनी-प्रोजेक्टसाठी मी एक भन्नाट डिझाईन केलं होतं. पाण्याखाली चालणारी स्प्रिंगची बंदूक! ट्रिगर दाबला की पोकळ सुई मोठ्या माशाच्या कातडीत घुसणार आणि डीएनएसाठी तुकडा घेऊन परत येणार. नुसत्या स्प्रिंगचं कॅल्क्युलेशन चार पानं. सरांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि एवढंच विचारलं, "अरे, पण टोचायचं कशाला?" आपली मधली दांडी गुल.

मग वाचायला बसलो. मँटा रे म्हणजे आपल्या पाकटाचा अवाढव्य भाऊबंद. डायव्हर लोक त्याच्या अंगावरून चक्क टूथब्रश फिरवतात! माशाच्या अंगावर बुळबुळ असते ना, तिच्यात त्याच्या पेशी असतात. ती वाळवून ठेवायची आणि लॅबमध्ये पीसीआर करायचा. २०१५ साली यावर पेपरही आलाय.

सुईला मी व्हिलन ठरवत नाही. पराचा इवलासा तुकडा कापला तर बऱ्याच माशांचा पर परत वाढतो आणि डीएनएही भरपूर मिळतो. बुळबुळीत बॅक्टेरियाची भेसळ असते. माझं भांडण वेगळंच आहे. पर कापायला आधी मासा पकडावा लागतो, पाण्याबाहेर काढावा लागतो. कोरड्या हाताने धरला तर जंतूंपासून त्याला वाचवणारी बुळबुळच खरवडली जाते. मग स्वॅब घेतला काय नि सुई टोचली काय! आपण इजा मोजतो ती फक्त सुईची. जाळं, गळ, डेक हिशेबातच नाहीत.

कतारजवळ तर व्हेल शार्कला हातही न लावता, समुद्राच्या पाण्यात सुटलेल्या डीएनएवरून त्यांच्या वंशाचा अंदाज काढला. तो टोचून घेतलेल्या नमुन्यांशी जुळला (२०१६). म्हणजे ताळा करायला सुई लागलीच, हेही खरं. शिवाय बाटलीतलं पाणी कुठला डीएनए कुठल्या माशाचा ते सांगत नाही. त्यासाठी ब्रशच.

आपल्याच अरबी समुद्रात, गुजरातकडे, जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क मच्छीमार जाळं कापून सोडतात. २००१ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. मासा होडीला खेटून असतो तेवढ्या अर्ध्या मिनिटात, पाण्यातच, त्याच्या अंगावरून ब्रश फिरवता आला तर? त्याला वेगळं पकडायची गरजच नाही.

म्हणून माझं नवं डिझाईन: लांब काठी, टोकाला ब्रश, ब्रशवर झाकण. सर खूश आहेत. फक्त विचारतायत, "कॅल्क्युलेशन कुठाय?"