डुलणारा आंकडा आणि सरासरीचें पांघरूण

शालेय विज्ञान-प्रदर्शनें भरूं लागलीं कीं हल्लीं बहुतेक दालनांत आर्डुइनोची लहानशी निळी पाटी दृष्टीस पडते. सन २००५ मध्यें इटलींतील इव्रेया या गांवीं विद्यार्थ्यांसाठींच निर्माण झालेलें हें साधन, सन २०१६ नंतर अटल टिंकरिंग लॅबच्या द्वारें आपल्याकडील पुष्कळ शाळांच्या हातीं आलें, ही गोष्ट आम्हांस मोठी स्वागतार्ह वाटते. परंतु या साधनाबरोबर एक खोडही शाळांत शिरली आहे, आणि तिजविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य झालें आहे.

ती खोड अशी. विद्यार्थी उष्णतेचा, उजेडाचा किंवा मातींतील ओलाव्याचा सेन्सर पाटीच्या अ‍ॅनालॉग पिनेस जोडतो. पडद्यावर आंकडा येतो, पण स्थिर राहात नाहीं; ३१० वरून ३४५, तेथून २९०, असा डुलत राहतो. मग वरच्या वर्गांतील कोणी तरी सल्ला देतो, "वीस वेळां वाच आणि सरासरी काढ." सरासरी काढतांच आंकडा शांत होतो. विद्यार्थी संतुष्ट, शिक्षक संतुष्ट, आणि परीक्षक तर अधिकच संतुष्ट! आंकडा कां डुलत होता, हें मात्र कोणींच विचारलें नाहीं. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, कारण कळण्यापूर्वीं काढलेली सरासरी म्हणजे नाडी न पाहतां रोग्यावर घातलेलें पांघरूण होय. शाळेंत तरी तें चालूं देऊं नये.

ज्या वाचकांस या विषयाचा परिचय नसेल त्यांच्याकरितां थोडा खुलासा करतों. आर्डुइनो उनो या पाटीवरील मायक्रोकंट्रोलर पिनेवरील विद्युद्दाब स्वतंत्रपणें मोजीत नाहीं. तो त्याची केवळ तुलना करतो. आपल्यास मिळालेला सुमारें ५ व्होल्टांचा पुरवठा हीच त्याची मोजपट्टी. तिचे तो १०२४ सारखे भाग पाडतो व पिनेवरचा दाब कितव्या भागांत पडला तें ० पासून १०२३ पर्यंतच्या आंकड्यानें सांगतो. एक भाग म्हणजे सुमारें ४.९ मिलिव्होल्ट. तेव्हां पडद्यावरील प्रत्येक आंकडा हें दोन गोष्टींचें गुणोत्तर आहे, आणि आमचे बहुतेक विद्यार्थी त्यांतील एकीचाच विचार करितात.

दुसरीचा विचार न केल्यास काय होतें तें पाहा. एलएम३५ हा उष्णतेचा सेन्सर दर सेल्सिअस अंशास १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे ३० अंशांस ३०० मिलिव्होल्ट, आणि आंकडा यावयाचा ६१. परंतु लांब व बारीक केबलीमुळें किंवा जोडीला लावलेल्या मोटारीमुळें पाटीचा पुरवठा ४.७ व्होल्टांवर उतरला, तर तेच ३०० मिलिव्होल्ट ६५ असे वाचले जातात, आणि विद्यार्थ्याचें गणित पुरे ५ व्होल्ट धरून चालत असल्यामुळें पडद्यावर जवळजवळ ३२ अंश उमटतात. खोलींतील हवा तीच, सेन्सरही निर्दोष. लांबी बदलली ती मोजपट्टीची. आतां याची हजार वाचनांची सरासरी काढली तरी उत्तर चुकीचेंच येणार, फक्त तें अत्यंत स्थिरपणें चुकीचें येणार. येथें उपाय सरासरीचा नव्हे; मल्टिमीटर घेऊन ५ व्होल्टच्या पिनेवर खरोखर किती दाब आहे तें मोजण्याचा आहे.

ज्या पिनेस कांहींच जोडलेलें नाहीं, किंवा जिची तार ब्रेडबोर्डांत ढिली बसली आहे, तिची तऱ्हा याहून निराळी. अशी पिन अधांतरीं असते व भोंवतालच्या विजेच्या तारांतील ५० आवर्तनांचा गुंजारव टिपीत बसते. जवळ हात नेला तरी आंकडा हलतो. एका प्रदर्शनांत अशाच अधांतरीं पिनेस "मनुष्याची चाहूल ओळखणारें यंत्र" म्हणून मांडलेलें आम्हीं पाहिलें आहे, बक्षीसही मिळालें!

म्हणून आमचा आग्रह असा कीं, प्रथम पंचाची परीक्षा घ्यावी. सेन्सरची तार पिनेवरून काढावी आणि ती पिन ग्राउंडला जोडावी. आंकडा ० किंवा त्याच्या अगदीं लगत आला पाहिजे. मग ३.३ व्होल्टच्या पिनेस जोडावी. ६७५ च्या आसपास आला पाहिजे. आल्यास मायक्रोकंट्रोलर निर्दोष ठरला, आणि दोष बाहेर शोधावयाचा. सेन्सर स्वतंत्र बॅटरीवर चालत असेल तर त्याचें व पाटीचें ग्राउंड एकत्र जोडलें आहे काय, हेंही पाहावें. वर्गांतील कित्येक तंटे एवढ्या एका तारेनें मिटतात.

एका पिनेचा आंकडा दुसरीवर उमटतो, हेंही कोडें मुलें विचारतात. उनोवर पिना सहा, पण मोजणारा आंत एकच; तो पाळीपाळीनें एकेकीकडे वळतो. त्याजवळील चिमुकला कपॅसिटर अवघा १४ पिकोफॅरडचा. पण सेन्सरच्या बाजूचा रोध १० किलोओहमांहून फार अधिक असला, तर तो वेळेंत भरत नाहीं व मागील पिनेची आठवण घेऊन बसतो. तीच पिन लागोपाठ दोनदां वाचावी व पहिलें वाचन टाकून द्यावें.

अभियंते देखील सरासरी काढतातच कीं, असें कोणी म्हणेल. काढतात, आणि योग्य तेथें ती काढावीच. २० मिलिसेकंदांच्या पूर्ण आवर्तनावर घेतलेली सरासरी तर विजेचा गुंजारव उत्तम रीतीनें पुसून टाकते. परंतु आपण काय पुसतों आहों हें त्यांस आधीं ठाऊक असतें.

आमच्या आग्रहामागें खर्चाचीही बाजू आहे. खेड्यांतील शाळेंत बहुधा एकच संच असतो. तेथें "सेन्सर बिघडला" असा निवाडा घाईनें झाला, कीं चांगली वस्तु पेटींत पडते व वर्षभर प्रयोग थांबतो. कांहींशें रुपयांचा मल्टिमीटर व अर्ध्या तासाची चिकाटी यांनीं तो निवाडा अनेकदां फिरला असता. मातींतील ओलावा मोजणारे दोन टोकांचे सेन्सर मात्र खरोखरच झिजतात, कारण सतत प्रवाह चालू ठेवल्यास विद्युद्विघटनानें त्यांचा धातु खाल्ला जातो. वाचनापुरताच प्रवाह दिल्यास तेही पुष्कळ दिवस टिकतात.

तेव्हां प्रदर्शनाच्या परीक्षकांस आमची विनंती एवढीच कीं, त्यांनीं पडद्याबरोबर विद्यार्थ्याची वहीही मागावी. सरासरीपूर्वींचीं कच्चीं वाचनें, ग्राउंडला जोडून घेतलेला आंकडा, मोजलेला पुरवठा, आणि दोष कोठें सांपडला याची नोंद, यांस निम्मे गुण ठेवावेत. ज्यांच्यापाशीं केवळ शांत पडदा आहे त्यांनीं उरलेल्या निम्म्यांसाठीं अवश्य झटावें.